मिहिर सेन आणि माझा वर केलेला हात

पोहण्याच्या शर्यतीत थंडीने कुडकुडणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर लगेच येतो. पण पाण्यात पोहता पोहता एखाद्याला ऊन लागलं असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नसता. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ते माझ्याच बाबतीत घडलं, म्हणून बसला!

खाडीतली पाच किलोमीटरची शर्यत होती. सकाळी सातला सुरू होणार असं सांगितलं होतं, पण प्रत्यक्ष पाण्यात उतरायला साडेनऊ वाजले. तोपर्यंत आम्ही सगळे डोक्यावर घट्ट रबरी टोप्या चढवून धक्क्यावर उन्हात उभे. पाण्याची बाटली बॅगेत, आणि बॅगा कुठेतरी मागे जमा केलेल्या. शेवटी शिट्टी वाजली तेव्हा मी वैतागून पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा जास्तच जोरात मारला. तिसऱ्या किलोमीटरला डोकं ठणकायला लागलं. मग मळमळायला लागलं. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. एवढ्या कोमट पाण्यात माझ्या अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखी. मी हात मारत होते, पण किनारा नक्की कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. मी हात वर केला. खुल्या पाण्यात हात वर करणं म्हणजे मला बाहेर काढा. होडीवाल्या काकांनी मला वर ओढलं आणि माझी शर्यत तिथेच संपली.

होस्टेलवर माझं नाव पडलं ‘हात वर’. मी मेसमध्ये ताट घेऊन आले की कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी हात वर करायचं आणि सगळे हसायचे. मीही हसायचे, पण आतून जाम लागायचं. मग सुट्टीत खोपोलीला घरी बसून मी लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मला एकच गोष्ट हवी होती. असा कुणीतरी, ज्याने आयुष्यात कधीच हात वर केला नाही. तो समोर ठेवून मला स्वतःला आणखी थोडं बोलून घ्यायचं होतं! त्या शोधात मला मिहिर सेन भेटले, आणि माझं सगळं गणितच उलटं झालं. या लेखात त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

मिहिर सेन यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९३० रोजी बंगालमधल्या पुरुलियाचा. वडील डॉक्टर होते, पण घरची परिस्थिती बेताचीच. मुलांना चांगली शाळा मिळावी म्हणून कुटुंब ओरिसातल्या कटकला गेलं. आईने दूध आणि अंडी विकून घराला हातभार लावला. मिहिर यांनी उत्कल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी पैसे कुठून आणणार? ओरिसातले बिजू पटनाईक यांनी त्यांना मदत केली आणि १९५० साली ते विलायतेला निघाले. लंडनमध्ये त्यांनी सुरुवातीला रेल्वे स्टेशनवर रात्रपाळीचा हमाल म्हणून काम केलं. नंतर तिथल्या भारतीय हायकमिशनच्या कचेरीत नोकरी मिळाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात कायद्याचा अभ्यास. आपण सबमिशनच्या आठवड्यात जेवढं रडतो, ते आठवून मला थोडी लाजच वाटली.

या सगळ्यात पोहणं कुठे आलं? तर, फ्लॉरेन्स चॅडविक नावाच्या अमेरिकन बाईंनी १९५० मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. त्यांच्याबद्दलचा एक लेख मिहिर सेन यांच्या वाचनात आला आणि आपणही हे करायचं असं त्यांच्या मनाने घेतलं. गंमत म्हणजे तोपर्यंत त्यांना धड पोहता येत नव्हतं. लंडनमधल्या वायएमसीएच्या तलावात ते फ्रीस्टाइल शिकले. विशीतला माणूस, ऑफिस सुटल्यावर तलावाच्या कडेला धरून पाय मारायला शिकतोय, हे चित्र मला फार आवडतं.

मी स्वतः मामाच्या विहिरीत शिकले. मामाचं गाव कर्जत तालुक्यात, कडावच्या बाजूला. आमच्याकडे पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधतात आणि सरळ विहिरीत सोडून देतात. दोन उन्हाळ्यांत डबा सुटतो. विहिरीचं पाणी मे महिन्यातही गार असतं, त्यामुळे पाणी म्हणजे गारवाच हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. खाडीत ते चुकलं.

इंग्लिश खाडीचं अंतर सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटर. पाणी उन्हाळ्यातसुद्धा १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्या गारठ्यामुळे पोहणारे अंगाला चरबी चोळून उतरतात. बरोबरच्या बोटीतून खायला-प्यायला मिळतं, पण कुणी पोहणाऱ्याला हात लावला की प्रयत्न बाद. सेन यांचे सुरुवातीचे प्रयत्न फसले. एकदा नाही, अनेकदा. कधी हवामान फिरलं, कधी प्रवाह फिरला. प्रत्येक वेळी त्यांना बोटीत चढावं लागलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. म्हणजे यांनीही हात वर केला होता तर! आणि ज्या माणसाने हात वर केला तोच परत पाण्यात जायला शिल्लक राहिला.

२७ सप्टेंबर १९५८ रोजी डोव्हरहून निघून १४ तास ४५ मिनिटांत सेन यांनी खाडी पार केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच्या महिनाभर आधी ढाक्याच्या ब्रोजेन दास यांनी ती पार केली होती आणि पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, कोलकात्याच्या आरती साहा यांनी. त्या वेळी आरती फक्त १९ वर्षांच्या होत्या, आणि त्यांचाही महिन्याभरापूर्वीचा पहिला प्रयत्न फसलेला होता. सेन यांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली. भारतात परतून त्यांनी कोलकाता हायकोर्टात वकिली सुरू केली. गोष्ट इथेच संपली असती तरी ती चांगलीच म्हटली असती. पण माझ्या कामाची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

१९६६ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी ठरवलं की एका वर्षात वेगवेगळ्या खंडांतले समुद्र पोहायचे. पहिली पाल्कची सामुद्रधुनी, म्हणजे श्रीलंकेतल्या तलाईमन्नारपासून आपल्या धनुष्कोडीपर्यंत. सोबतीला नौदल हवं होतं आणि त्याचा खर्च मोठा होता. काही रक्कम त्यांनी प्रायोजकांकडून जमवली आणि उरलेल्यासाठी पंतप्रधान इंदिरा गांधींनी मदत केली. सुकन्या आणि शारदा ही नौदलाची जहाजं सोबत होती. ५ आणि ६ एप्रिल १९६६ या दोन दिवसांत, २५ तास ३६ मिनिटं पोहून त्यांनी ती सामुद्रधुनी पार केली.

आता आकडे बघा. अंतर सरळ रेषेत पस्तीस किलोमीटरच्या आत, म्हणजे इंग्लिश खाडीएवढंच म्हणा. वेळ मात्र जवळजवळ अकरा तास जास्त! सरळ रेषेत हिशेब केला तर ताशी दीड किलोमीटरसुद्धा पडत नाही. आपण होस्टेलवरून कॅन्टीनला रमतगमत जातो तो वेगसुद्धा याच्या दुप्पट असतो. याचं मोठं कारण तिथले प्रवाह. सरळ जाऊच देत नाहीत. त्या पाण्यात शार्क आणि समुद्री सापही आहेत, आणि सेन यांच्याबद्दल लिहिणारे सगळे त्यांच्यावरच भर देतात. पण एका गोष्टीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. एप्रिलमध्ये त्या भागातलं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. आणि २५ तास म्हणजे एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र. सकाळी निघा की संध्याकाळी, भर दुपारचं ऊन डोक्यावर घेतल्याशिवाय सुटका नाही.

इथे आपलं हीट ट्रान्सफर कामाला येतं. (ज्यांना त्यात केटी लागलीय त्यांनी हा परिच्छेद रिव्हिजन समजावा.) नुसतं बसलेलं माणसाचं शरीर साधारण शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता बाहेर टाकतं. पोहायला लागलं की ती सहा-सात पट सहज होते. कारण आपले स्नायू हे काही फार चांगलं इंजिन नव्हे. इंधनाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याचं काम होतं, पोहण्यात तर त्याहूनही कमी, आणि बाकी सगळी उष्णता. ती बाहेर गेली नाही तर इंजिन तापणारच. जमिनीवर आपला रेडिएटर म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण पाण्यात घाम वाळणार कुठे? येतो मात्र तसाच. म्हणजे शरीरातलं पाणी जातं आणि गारवा काहीच मिळत नाही. शिवाय अंग ओलंच असल्यामुळे आपल्याला घाम येतोय हे कळतसुद्धा नाही.

मग उरला एकच रस्ता, त्वचेकडून पाण्याकडे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या चोवीस-पंचवीस पट आहे, म्हणून गार पाण्यात माणूस चटकन गारठतो. पण उष्णता वाहायला तापमानात फरक लागतो. त्वचा ३४ अंश आणि पाणी १७ अंश असेल तर फरक १७. पाणी ३० असेल तर फरक फक्त ४. त्यात वरून डोक्यावर ऊन, आणि डोक्यावरची रबरी टोपी म्हणजे झाकण लावलेला कुकर. इंग्लिश खाडीत थंडी वाजली की जोर लावायचा, ऊब मिळते. पाल्कमध्ये जोर लावला की आतलं तापमान चढत जातं. एकाच माणसाला, एकाच कामासाठी, दोन ठिकाणी अगदी उलट वागावं लागतं. माझ्या पहिल्या जोरदार किलोमीटरने नेमकं काय केलं हे मला या ताळेबंदावरून कळलं. आणि तो अंगावरचा काटा? आत ताप चढत असताना थंडी वाजल्यासारखं होणं ही शरीराने दिलेली धोक्याची घंटाच असते. मी तिला थंडी समजत होते.

पाल्कनंतर सेन थांबले नाहीत. २४ ऑगस्टला जिब्राल्टरची सामुद्रधुनी ८ तास १ मिनिटात. १२ सप्टेंबरला तुर्कस्तानातली दार्दानेल्स १३ तास ५५ मिनिटांत, आणि २१ सप्टेंबरला बॉस्फरस ४ तासांत. शेवटी २९ ते ३१ ऑक्टोबर या काळात पनामा कालवा, पन्नास मैलांचा, ३४ तास १५ मिनिटांत. पनामा म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रदेश. कालव्याचा बराचसा भाग गोड्या पाण्याच्या तलावातून जातो, पाणी वर्षभर कोमट आणि हवा दमट. गोडं पाणी समुद्राच्या पाण्याएवढं उचलूनही धरत नाही. म्हणजे वर्षाची सुरुवात गरम पाण्याने आणि शेवटही गरम पाण्याने, आणि सगळ्यात जास्त तास नेमके या दोन गरम ठिकाणीच लागलेले. पनामाचं अंतर मोठं होतं, पाल्कचे प्रवाह वाईट होते, हे खरंच. पण एवढे तास गरम पाण्यात काढून जिवंत आणि शुद्धीवर बाहेर येणारा माणूस पहिल्या तासाला जीव खाऊन पोहणारा असूच शकत नाही, हे मी आता पैजेवर सांगू शकते. १९६७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि गिनीज बुकानेही त्यांची दखल घेतली.

हे सगळं जुनं झालं, आता चांगली सोय असते, असं वाटत असेल तर आणखी एक नाव सांगते. फ्रॅन क्रिपेन, अमेरिकेचा २६ वर्षांचा अव्वल पोहणारा. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराह इथे दहा किलोमीटरची वर्ल्ड कपची शर्यत होती. पाणी तिशीच्या आसपास तापलेलं, ऊन कडक. इतर काही पोहणाऱ्यांनाही त्या दिवशी त्रास झाला. शर्यत संपत आली असताना क्रिपेन दिसेनासा झाला आणि बराच वेळ ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. तो परत आला नाही. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला की पाणी ३१ अंशांच्या वर असेल तर शर्यत घ्यायची नाही. म्हणजे पाल्कच्या ४४ वर्षांनंतर, एक जीव गेल्यावर, गरम पाणी हाही धोका आहे हे कागदावर आलं. आणि क्रिपेन काही नवशिका नव्हता. तो जगातल्या चांगल्यांपैकी एक होता. चांगला पोहणारा जास्त उष्णता तयार करतो आणि सहज थांबत नाही, म्हणून त्याला धोका जास्तच.

हे सगळं मी आपल्या कॉलेजच्या मासिकात का लिहितेय? कारण आपण कुठे राहतो ते बघा. कर्जत-खालापूरचा पट्टा म्हणजे पाठीशी सह्याद्रीची भिंत आणि समुद्र हाकेच्या अंतरावर नाही. खारा वारा येईपर्यंत दुपार करपून जाते. आपल्याच रायगड जिल्ह्यात भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. रस्त्याच्या कडेला ताडगोळे आणि करवंदं दिसायला लागली की आपल्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आणि पाणी मात्र चहूकडे. माझ्या खोपोलीत टाटांचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. घाटावरच्या तलावांचं पाणी नळातून खाली येतं, वीज करतं आणि खोपोलीचं पाताळगंगेला, भिवपुरीचं उल्हासला मिळतं. पाताळगंगा पुढे खालापूर, रसायनीवरून जाऊन धरमतरच्या खाडीला मिळते. आणि त्याच धरमतरहून आपल्या महाराष्ट्रातली मुलं गेटवे ऑफ इंडियापर्यंत साधारण ३६ किलोमीटर पोहून जातात. म्हणजे माझ्या घरामागून वाहणारं पाणी आणि लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांचं पाणी एकच! अनेकजण तिथून मध्यरात्रीनंतर निघतात. मुख्य हिशेब भरती-ओहोटीचा असतो, पण दुपारच्या उन्हाआधी बरंच अंतर कापून होतं हा फायदा काही कमी नाही.

माझ्या वाचनातून आणि नंतर आमच्या पोहण्याच्या सरांना विचारून मी जे शिकले ते थोडक्यात लिहिते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. गरम पाण्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे एसी असलेल्या जिमच्या तलावात सराव करून थेट मे महिन्याच्या खाडीत उतरू नये. शर्यतीआधीचा वेळ सावलीत काढावा, टोपी शेवटच्या क्षणी घालावी आणि ती फिक्या रंगाची, पातळ असावी. शिट्टी उशिरा वाजणार असेल तर डोक्यावर पाणी ओतून घ्यावं, गार पाणी प्यावं. पाण्यात उतरल्यावर दर वीस मिनिटांनी काही घोट, तहान लागो न लागो. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस उत्तम. पहिला किलोमीटर सगळ्यात हळू. डोकं दुखलं, मळमळलं, काटा आला, हात वाकडेतिकडे पडायला लागले, की थांबायचं. बाहेर आल्यावर सावली, मान-काखांवर गार पाणी, वारा. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात समजायचा, त्याच्या अख्ख्या अंगावर गार पाणी ओतत राहायचं आणि १०८ ला फोन लावायचा. तो गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

आणि हे फक्त शर्यतवाल्यांसाठी नाही. पेपर संपले की आपली टोळकी भर दुपारी पळसदरीच्या तळ्यावर नाहीतर उल्हास नदीवर जातात. दुचाकीवरून तापून आलेलं अंग, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि पैज लावून पलीकडच्या काठापर्यंत! तिथे सोबतीला नौदलाचं जहाज नसतं. वीजघराचं पाणी सुटलं की नदी कधी वाढेल याचाही नेम नसतो. दरवर्षी पेपरात बातमी येते, आणि दरवर्षी त्यात लिहिलेलं असतं की तो चांगला पोहणारा होता.

मिहिर सेन यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग सांगायचा राहिला. तो सांगताना मला वाईट वाटतं. वकिलीनंतर त्यांनी रेशमाच्या निर्यातीचा मोठा व्यवसाय उभा केला होता. तरुणांना साहसाची गोडी लागावी म्हणून त्यांनी एक्सप्लोरर्स क्लब ऑफ इंडिया सुरू केला. १९७७ च्या निवडणुकीत ते ज्योती बसूंच्या विरोधात अपक्ष म्हणून उभे राहिले आणि हरले. त्यानंतरच्या काळात संपांमध्ये त्यांचा व्यवसाय बुडाला. पुढे आजारपणाने गाठलं, हळूहळू स्मरणशक्ती गेली. ज्या माणसाने एका वर्षात पाच समुद्र ओलांडले त्याला शेवटी शेवटी ते आठवतही नव्हते. ११ जून १९९७ रोजी कोलकात्यात त्यांचं निधन झालं, वय ६६. त्यांच्या जाण्याची फारशी कुणी दखल घेतली नाही.

पाल्कमध्ये त्यांच्यावर दोन जहाजांची नजर होती. घोट कधी द्यायचा, वर कधी ओढायचं, हे बघणारी माणसं होती. जमिनीवरच्या त्या शेवटच्या वीस वर्षांत तशी किती माणसं होती कुणास ठाऊक. हे वाचल्यापासून मला हात वर करणाऱ्यापेक्षा त्याच्याकडे बघणाऱ्याचं काम मोठं वाटायला लागलंय. त्या दिवशी होडीवाल्या काकांचं लक्ष नसतं तर हा लेख लिहायला मी नसते. त्यांचं नावही मी विचारलं नाही.

यंदा मी पुन्हा नाव नोंदवलंय, त्याच अंतरासाठी. सराव पहाटे साडेपाचला, आणि काठावर माझी रूममेट बाटली आणि घड्याळ घेऊन बसते, दर वीस मिनिटांनी ओरडते. तिला पोहता येत नाही. मागच्या वर्षी मेसमध्ये सगळ्यात आधी हात वर करायची ती हीच! आता मी डोकं पाण्याबाहेर काढलं की ती आधी माझा चेहरा नीट बघते, मगच बाटली टाकते.

शर्यत पूर्ण झाली तर मिठाई माझ्याकडून. नाही झाली, तर मेसमध्ये खुशाल हात वर करा. मीही करीन.